सप्तमीतला चौक

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी 'मी पाहिलेला अपघात' हा निबंध कधी ना कधी लिहिलेला असतो. अपघात पाहिलेला असो वा नसो. या निबंधाचा साचा ठरलेला आहे. शाळा सुटते, निवेदक रमतगमत घरी निघतो, चौकात भरधाव ट्रक येतो, ब्रेकचा कर्कश आवाज होतो, रक्ताचे थारोळे दिसते, बघ्यांची गर्दी जमते, कोणी एक सद्गृहस्थ रिक्षा थांबवतो आणि शेवटच्या परिच्छेदात निवेदक वाहतुकीचे नियम पाळण्याचा निश्चय करतो. ट्रकचालक तोवर पळून गेलेला असतो. दहापैकी सात गुण हमखास.

शाळा संपली तरी हा निबंध संपत नाही. १९ मे २०२४ च्या रात्री पुण्यात कल्याणीनगर येथे एका भारी मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील एक तरुण आणि एक तरुणी मरण पावली. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ज्या अटी घातल्या, त्यांत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोकांचा संताप उसळला आणि पुढे तो आदेश बदलण्यात आला. संताप योग्यच होता. पण मराठी शिकवणारी व्यक्ती म्हणून माझ्या मनात तेव्हा आणखी एक प्रश्न आला: त्या मुलाने खरोखरच निबंध लिहिला असता, तर तो आपल्या वर्तमानपत्रांतील, पोलिसांच्या कागदांतील आणि रस्त्यावरच्या फलकांतील मजकुराहून कितीसा निराळा झाला असता? अपघाताविषयी मराठीत आपण एकच निबंध वर्षानुवर्षे लिहीत आहोत, आणि त्याचे वाक्य ज्या रीतीने बांधलेले आहे त्या रीतीतच काही माणसांचे हातपाय आणि काहींचे प्राण अडकलेले आहेत, असे माझे मत झाले आहे. हे विधान अतिशयोक्त वाटेल. म्हणून ते सावकाश मांडते.

२

चिंचवडच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवते तिथे कारकविचार शिकवताना मी एक स्वाध्याय देते. विद्यार्थ्यांनी आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतून अपघाताच्या बातम्यांचे मथळे उतरवून आणायचे आणि त्यांतील कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायचे. हा पट्टा औद्योगिक असल्यामुळे मथळ्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार' हा त्यांतला सर्वांत सामान्य नमुना.

मुले प्रथम 'वाहन' हा कर्ता म्हणून सांगतात. मग कोणीतरी हरकत घेते. 'वाहनाच्या' ही तर षष्ठी. षष्ठी ही विभक्ती खरी, पण तिला कारक मानत नाहीत, कारण तिचा संबंध नामाशी असतो, क्रियेशी नसतो. 'धडकेत' ही सप्तमी. 'ठार' हे विशेषण. क्रियापद नाहीच, आणि क्रियापदच नाही म्हटल्यावर कर्ता कशाचा? म्हणजे ज्याने धडक दिली तो अशा विभक्तीत बसवला आहे की क्रियेशी त्याचे नातेच उरत नाही, आणि जो मेला तो मात्र प्रथमेत, वाक्याच्या मध्यभागी, जणू ठार होणे हे त्याचेच एक लक्षण आहे.

दुसरा नमुना 'चालकाचा ताबा सुटल्याने' असा. येथेही चालक षष्ठीत. सुटण्याची क्रिया करतो तो 'ताबा'. तिसरा नमुना 'काळाचा घाला'. येथे साक्षात काळ कामाला लावलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडी–माण रस्त्यावर सिमेंटचा मिक्सर वळणावर उलटला आणि दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुणी त्याखाली सापडल्या. तेव्हा आमच्या वर्गात या तिन्ही नमुन्यांची कात्रणे आली.

या साऱ्या मथळ्यांत एक शब्द मात्र कधीही आपली जागा बदलत नाही. तो म्हणजे 'चौकात', 'फाट्यावर', 'वळणावर', 'तिठ्यावर'. प्रत्यय असो वा शब्दयोगी अव्यय, त्याचे काम अधिकरणाचेच. चौक ही अपघात 'जिथे' झाला ती जागा. रंगमंचाच्या मागे टांगलेल्या पडद्यासारखी. पात्रे येतात, आदळतात, पडतात, उचलून नेली जातात. पडदा कोणाला काही करत नाही.

३

हा स्वाध्याय माझ्यापुरता वर्गातच राहिला असता. पण काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी स्वतः अशा वाक्यात सापडला. वय बावीस, बाहेरून बी.ए. करणारा, चाकणच्या पट्ट्यातील एका कारखान्यात कंत्राटी कामगार. दुसरी पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी निघाला असता एका चौकात तो एका लांब ट्रेलरच्या डाव्या अंगाला थांबला होता. ट्रेलर डावीकडे वळला. पुढची चाके त्याला टाळून गेली. मागची गेली नाहीत. डाव्या पायाची नडगी चिरडली आणि कातडी व स्नायू हाडापासून सोलवटून निघाले. आठव्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई खाटेशेजारी बसली होती. तिने पिशवीतून कागदांची सुरळी काढून माझ्या हाती दिली. "बाई, तुम्ही भाषेतल्या. हे वाचून सांगा यात काय लिहिलंय. पाय गेला तो गेला, पण चूक ह्याचीच लिहिलीय म्हणतात."

फिर्याद मी वाचली. ज्यांनी अशी कागदपत्रे पाहिली आहेत त्यांना तिची भाषा परिचित असेल. 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' चालवल्याचा ठपका ट्रेलरचालकावर होता. या शब्दांना इतिहास आहे. 'अविचाराने' आणि 'हयगयीने' हे इंग्रजी अमदानीतल्या दंडसंहितेतील दोन विशेषणांचे मराठी रूप. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, पण 'रॅश' आणि 'नेग्लिजंट' हे जोडपे अबाधित राहिले. 'भरधाव' मात्र कायद्यात नाही. ते निबंधातून आलेले आहे. मुळात जागच्या जागी उभा असलेला आणि नुकताच हललेला ट्रेलर भरधाव कसा असेल, हे त्या कागदाने विचारले नव्हते.

दुसरा कागद विमा कंपनीच्या बाजूचा होता. त्यात लिहिले होते की दुचाकीस्वार वळणाऱ्या वाहनाच्या डाव्या बाजूने 'शिरला'. मी ते वाक्य मोठ्याने वाचले. तो पडल्या पडल्या म्हणाला, "मॅडम, मी शिरलो नाही हो. तिथं दुसरी जागाच नव्हती."

या 'शिरला' शब्दाची किंमत किती, हे मला पुढे हिशेब समजून घेताना कळले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई काढताना वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात जे गुणक निश्चित केले, त्यांत एकवीस ते पंचवीस वयाला १८ हा गुणक आहे. समजा, महिना १५,००० रुपये मिळकत. वर्षाचे १,८०,०००, गुणिले १८ म्हणजे ३२,४०,०००. कमाईची क्षमता चाळीस टक्के गेली असे धरले, तर १२,९६,०००. इतर रकमा तूर्त बाजूला ठेवू. आता जखमी माणसाचाही पंचवीस टक्के दोष होता असे ठरले, तर त्यातून ३,२४,००० वजा होतात. एका क्रियापदाचे जवळजवळ सव्वातीन लाख रुपये. साहित्याच्या वर्गात आपण शब्दाच्या मोलाविषयी पुष्कळ बोलतो. एवढे रोखठोक उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते त्या मुलाचे वाक्य. फिर्यादीत कर्ता चालक होता. विमा कंपनीच्या कागदात कर्ता तो स्वतः होता. चौक दोन्हीकडे सप्तमीत. त्या मुलाने बोलीत सहज 'जागा' प्रथमेत आणली: जागाच नव्हती. कडेला उभ्या केलेल्या कंटेनरांनी डावी मार्गिका खाल्लेली होती, पदपथ नव्हता, वरचा दिवा बंद होता, दुचाकींनी थांबायचे कुठे याची रेघ नव्हती. हे सर्व त्याच्या चार शब्दांत होते, आणि कोणत्याही कागदात नव्हते.

४

कोणी म्हणेल, कागदाची भाषा कशीही असो, आकडे तर वस्तुनिष्ठ असतात. आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे शंभरातले चौसष्ट असे, ज्यांच्या भोवती लोखंडी पेटी नव्हती. कारणांच्या कोष्टकात मात्र 'अतिवेग' या एकाच रकान्यात सुमारे ७१ टक्के मृत्यू आहेत.

हा अहवाल ज्या माहितीवरून तयार होतो ती राज्यांच्या पोलिसांकडून येते. आणि पोलिसांच्या कागदात काय असते ते आपण आताच पाहिले. वेग मोजणारे यंत्र चौकाचौकांत नाही. माझा तर्क असा की, त्या एकाहत्तर टक्क्यांतला काही वाटा तरी मोजलेल्या वेगाचा नसून 'भरधाव' या विशेषणाचा असावा. शालेय निबंधातले विशेषण फिर्यादीत गेले, फिर्यादीतून तक्त्यात गेले, आणि तक्त्यातून 'वेगावर नियंत्रण ठेवा' या फलकात परत आले. हे वर्तुळ पूर्ण झाले की चौकाकडे पाहण्याची गरज कोणालाच उरत नाही.

गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. चालक वेगाने जातात, उलट दिशेने येतात, पिऊन चालवतात, सिग्नल मोडतात. वेगाचा दोष खोटा नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. समोरचे पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा रस्ता गेलेला असतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. चालकाला निर्दोष सोडावे असे मला म्हणायचे नाही. वाक्यात एकच कर्ता मावतो ही जी आपली समजूत झाली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार आहे.

५

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपणही या सवयीतून सुटलेलो नाही. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. जीवनानंद दास यांना १४ ऑक्टोबर १९५४ रोजी कलकत्त्यात ट्रामची धडक बसली. आठ दिवसांनी ते गेले. रोलाँ बार्थ यांना २५ फेब्रुवारी १९८० रोजी पॅरिसमध्ये रस्ता ओलांडताना धोबीखान्याच्या मोटारीने धडक दिली. महिनाभराने ते वारले. त्याच शहरात १९ एप्रिल १९०६ रोजी, पावसात, पूल आणि रस्ते एकत्र येतात अशा गजबजलेल्या ठिकाणी, शास्त्रज्ञ पिएर क्युरी घोड्याच्या मालगाडीच्या चाकाखाली गेले.

या मृत्यूंविषयी जे लिहिले आणि सांगितले जाते त्यात एक समान सूर आढळतो. कवी तंद्रीत होता. शास्त्रज्ञ विचारात गढलेला होता. जीवनानंदांच्या बाबतीत तर ट्रामसारख्या संथ वाहनाखाली माणूस सापडतोच कसा, असे म्हणून आत्महत्येचा तर्कही अनेकांनी केला. बार्थच्या बाबतीत शोकाने खचलेल्या मनाचा दाखला दिला जातो. या कथनांत तथ्य असेलही. पण रूळ ओलांडायला दुसरी वाट होती का, ट्राम कुठे थांबत असे, त्या चौकात पायी चालणाऱ्यासाठी जागा किती होती, हे चरित्रकार क्वचितच विचारतात. मेलेल्याच्या मनःस्थितीत कारण शोधणे आपल्याला अर्थपूर्ण वाटते. रस्त्याच्या रचनेत शोधणे रुक्ष वाटते. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' हा मथळा आणि 'तंद्रीत असलेला कवी' हे चरित्र, दोन्ही ठिकाणी चौक सप्तमीतच राहतो.

६

आता सप्तमीतला तो चौक जरा जवळून पाहू.

चाकण हे रस्त्यांच्या जोरावर जगलेले गाव आहे. पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरचा तिथला संग्रामदुर्ग हा भुईकोट १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला, हे आपण शाळेत शिकलो. आज त्याच गावात पुणे–नाशिक महामार्गाला तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता छेदतो. त्या छेदाला तळेगाव चौक म्हणतात. तळेगावच्या अंगाने मुंबईचा माल येतो, शिक्रापूरच्या अंगाने अहिल्यानगर रस्त्याकडे आणि रांजणगावच्या कारखान्यांकडे जातो. पुणे शहर टाळू पाहणारी अवजड वाहनेही हीच वाट धरतात. त्यात चाकणच्या बाजारात येणाऱ्या कांद्याच्या गाड्या, कंपन्यांच्या बसगाड्या, नव्या मोटारी वाहून नेणारे लांब ट्रेलर, पाळी सुटल्यावर एकाच वेळी रस्त्यावर येणाऱ्या हजारो दुचाकी, आणि शाळेत, दवाखान्यात, बाजारात पायी निघालेले गाव.

रस्ता अभियंत्यांचे चौकाविषयी एक साधे गणित आहे. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा वाहनांच्या वाटा किती ठिकाणी एकमेकींना भिडू शकतात, ते मोजायचे. प्रत्येक दिशेला एकेक मार्गिका धरली तर चार रस्त्यांच्या साध्या चौकात अशी ३२ ठिकाणे निघतात: १६ छेदण्याची, ८ मिळण्याची, ८ फुटण्याची. तिठ्यावर ९. नीट आखलेल्या वर्तुळाकार चौकात केवळ ८. माणसे तीच, गाड्या त्याच, घाईही तीच. नुसता आकार बदलला की भिडण्याच्या जागा बत्तिसावरून आठावर येतात. त्याचप्रमाणे लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने जवळची वाट कापतात. आपल्याकडे डावीकडून चालण्याचा नियम असल्यामुळे डाव्या वळणावर ही आतली बाजू म्हणजे नेमकी दुचाकीस्वार थांबतो ती जागा, आणि चालकाला आरशात न दिसणारी जागाही तीच. माझ्या विद्यार्थ्याचा पाय कोणाच्या अविचाराने गेला हे न्यायाधिकरण ठरवील. पण त्या वळणाची भूमिती तो तिथे पोचण्याआधीच ठरलेली होती.

चौकाचा दुसरा घात त्यानंतरचा असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जखमेनंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' अशी व्याख्या दिली. मे २०२५ मध्ये केंद्राची योजना आली. तिच्यानुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह. पण पाळी सुटण्याच्या वेळी त्या पट्ट्यात रुग्णवाहिका अडकते ती त्याच चौकात. त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याचा पहिला तास बराचसा चौकांतच गेला.

या साऱ्याला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. हा पट्टा वाहने घडवणारा पट्टा आहे. पिंपरीला टाटा, आकुर्डीला आणि चाकणला बजाज. चाकणच्या परिसरात महिंद्र, फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ. भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. मोटारींच्या टक्कर-चाचण्या हे जिच्या कामाचा भाग आहे त्या एआरएआय संस्थेचेही एक केंद्र चाकणला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' या योजनेखाली मोटारींना सुरक्षिततेचे तारे मिळतात. हे तारे मुख्यतः आत बसलेल्यांच्या रक्षणासाठी आहेत. मोटार बाजारात जाण्यापूर्वी मुद्दाम आदळून पाहिली जाते. चौक मात्र वापरात आल्यावर, खऱ्या माणसांवर तपासला जातो.

आणि चौक बदलता येत नाही असेही नाही. जुन्या मुंबई रस्त्यावर निगडी ते दापोडी या टप्प्यात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने सरळ जाणारी वाहतूक जागोजागी खालून वाहती केली आणि चौकांचे दोन मजले केले. पायी चालणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हा वादाचा विषय आहे. पण चौक बांधलेला असतो, म्हणून पुन्हा बांधता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या सुमारे तीस किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. अपेक्षित खर्च ७,८२७ कोटी. ती वाहतूक वर जाईल. खालचा चौक ज्यांना वर जाण्याचे कारणच नाही त्यांच्यासाठी उरेल. त्या कोट्यवधींपैकी खालच्या रेघांना, दिव्यांना आणि पदपथांना किती, हा प्रश्न आताच विचारायला हवा.

७

मला आश्चर्य वाटते ते असे की, चौकाला कर्ता मानण्याची सवय मराठीला पूर्वी होती. 'तिठा', 'चव्हाटा', 'फाटा', 'नाका', 'तिकटी' असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत, आणि त्यांतले तिठा व चव्हाटा हे नुसते भूगोलाचे शब्द नाहीत. कोकणात चव्हाट्याला देवस्थान असते. घाटावरही तिठ्यावर उतारा टाकतात: लिंबू, नारळ, दहीभात. 'ती जागा चांगली नाही', 'ती जागा माणूस मागते' अशी वाक्ये आजही चाकणच्या आसपास ऐकू येतात. ही अंधश्रद्धा आहे, हे मी वर्गात सांगते आणि सांगत राहीन. पण वाक्यरचना पाहा: मागते कोण? जागा.

आता दुसऱ्या टोकाचा मजकूर घेऊ. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, तर त्या तुकड्याला मंत्रालयाच्या व्याख्येनुसार 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. ही व्याख्या चालक कोण होता हे विचारत नाही. चालक दर वेळी निराळा, जखमी दर वेळी निराळा, जागा तीच. तेव्हा कारण जागेत आहे का ते पाहा, असे ती सांगते. लिंबू ठेवणारी म्हातारी आणि महामार्गाचा अभियंता यांचे निदान इतके जवळ येईल असे मला वाटले नव्हते. उपाय अर्थातच निराळे. एकीने जागेची मनधरणी केली. दुसऱ्याने तिची मोजणी करायची आहे. मधल्या काळात आपण नागर, शिक्षित मराठी लिहिणाऱ्यांनी जागेचे कर्तेपण काढून घेतले आणि तिच्या ठिकाणी 'काळ' बसवला.

'अपघात' हा शब्दही आपल्याला इंग्रजी शब्दाहून अधिक सांगतो. 'ॲक्सिडेंट'च्या मुळाशी अंगावर येऊन पडणे, घडून येणे हा अर्थ आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये हा शब्द आपल्या पानांवर वापरू नये असे ठरवले, कारण त्यातून टाळता न येण्याजोगे असे काहीतरी ध्वनित होते. मराठी शब्दात 'घात' आहे. आघात, घातपात, विश्वासघात या कुळातला. घात म्हटला की तो करणारे कोणी आले. आपल्याला शब्द बदलण्याची गरज नाही; आहे तो नीट वाचण्याची आहे.

आणि कायद्याने तो एकदा नीट वाचला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८-अ हे कलम घातले गेले. रस्त्याची आखणी, बांधणी आणि देखभाल यांसाठी जबाबदार असलेली यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांनी ठरलेली मानके पाळली पाहिजेत, आणि ती न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे ते सांगते. दंड तुटपुंजा आहे हे उघड आहे; वर काढलेल्या हिशेबातल्या एका क्रियापदाच्या किमतीच्या तो एक तृतीयांशही नाही. तरीही व्याकरणाच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे. शतकाहून अधिक काळ सप्तमीत बसलेला चौक, त्याच्या बांधणाऱ्यांच्या रूपाने, प्रथमेत आला. अपघातनोंदीच्या नव्या संगणकीय पद्धतीतही रस्त्याच्या रचनेचे रकाने आहेत, आणि मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात चौकांच्या प्रकारांचे स्वतंत्र कोष्टक असते. रकाने झाले. ते भरणाऱ्या हाताला त्या रकान्यांची भाषा यायला हवी. पोलीस ठाण्यात रात्री दोन वाजता फिर्याद लिहिणारा हवालदार आपल्याच वर्गांतून गेलेला असतो. त्याने शाळेत लिहिलेला निबंध आपणच तपासलेला असतो.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी त्या स्वाध्यायाला एक प्रश्न जोडला आहे: हाच मथळा चौक प्रथमेत ठेवून पुन्हा लिहा. पहिल्या वर्षी मुले हसली. मग लिहू लागली. 'दिवा नसलेल्या चौकाने', 'पदपथ नसलेल्या फाट्याने' अशी अवघडलेली वाक्ये आली. तृतीयेतल्या या कर्त्यांना व्याकरणाने गुण द्यावेत की नाही, यावर आमचा वाद झाला. एका मुलीने मात्र मथळ्याऐवजी साधे वाक्य लिहिले: 'या चौकात तीन वर्षांत किती माणसे पडली ते मोजले, आणि डाव्या वळणावर कंटेनर उभे करायला जागा कोणी दिली ते विचारले.' कर्ता त्यात अध्याहृत होता. मी तिला विचारले, मोजले कोणी, विचारले कोणी? ती म्हणाली, "ते अजून कोणी केलं नाहीये, मॅडम. म्हणून मोकळं ठेवलंय."

माझ्या विद्यार्थ्याचा दावा अद्याप चालू आहे. त्याने कृत्रिम पाय बसवून घेतला आहे, बी.ए. पूर्ण केले आहे आणि गावातल्या एका दुकानात तो हिशेब लिहितो. मागच्या तारखेला वकिलांनी त्याला विचारले, अपघाताच्या वेळी तू कुठे होतास? त्याने चौकाचा नकाशा कागदावर काढून दाखवला: कंटेनर कुठे, दिव्याचा खांब कुठे, ट्रेलर कुठे, आणि उरलेल्या जागेत आपण कुठे. तो कागद दाखल करून घ्यावा असा अर्ज दिला आहे.